दुसरी घंटा

नाटकाला तीन घंटा असतात. मराठी माणसाच्या स्वभावाची नाट्यगृहाने घेतलेली ही दखल आहे. पहिली घंटा होते तेव्हा आपण बाहेर बटाटेवड्याच्या रांगेत असतो. दुसरी होते तेव्हा वडा तोंडात असतो आणि ‘अजून एक व्हायचीय’ या भरवशावर आपण चहाही सांगतो. तिसरीला मात्र धावतो. प्रेमाच्या बाबतीत ही सोय कुणी का ठेवली नाही, देव जाणे! तिथे आपल्याकडे एकच घंटा. ऐकू आली तर लग्न, नाही आली तर भावगीत.

इंग्रज लेखिकांनी मात्र ही सोय करून ठेवली आहे. ‘रीजन्सी रोमान्स’ नावाच्या कादंबऱ्यांत एक खास जात असते, दुसऱ्या संधीच्या प्रेमाची. म्हणजे पूर्वी एकदा फिसकटलेलं पुन्हा जमतं. रीजन्सी म्हणजे काय, तर राजा तिसरा जॉर्ज याचं चित्त ठिकाणावर राहिना, म्हणून फेब्रुवारी १८११मध्ये युवराजाला कारभारी नेमलं. जानेवारी १८२०मध्ये राजा वारला आणि कारभारी स्वतःच राजा झाला. मध्ये गेली अवघी नऊ वर्षं. पण या नऊ वर्षांत कादंबरीकारांनी इतक्या ड्यूकांची लग्नं लावली आहेत, की तेवढे ड्यूक खरोखरच असते तर त्यांच्यासाठी लंडनात चाळी बांधाव्या लागल्या असत्या.

ही नऊ वर्षं आपल्यालाही अगदीच परकी नाहीत. १७ नोव्हेंबर १८१७ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आतच लंडनला जेन ऑस्टेनची ‘पर्स्युएशन’ ही कादंबरी बाहेर पडली. पुण्यात राज्य जात होतं, तेव्हा तिकडे एका सत्तावीस वर्षांच्या मुलीचं मोडलेलं लग्न जुळत होतं. दुसऱ्या संधीच्या सगळ्या कादंबऱ्यांची ही आजी.

‘पर्स्युएशन’ला मराठीत काय म्हणावं? ‘मनधरणी’ फार नाजूक होतं. आपल्या घरांतला नेमका शब्द ‘समजूत घालणं’. ॲन एलियट एकोणीस वर्षांची असताना तिचं फ्रेडरिक वेंटवर्थ नावाच्या तरुण आरमारी अधिकाऱ्याशी जमतं. पोरगा हुशार, देखणा. पण गाठीला पैसा नाही. तिला आई नाही. आईची मैत्रीण लेडी रसेल मायेने, तिच्या भल्यासाठी, तिची समजूत घालते. ॲन नकार देते. वेंटवर्थ चिडून समुद्रावर निघून जातो. हे १८०६ साली. पुढची आठ वर्षं ॲन नुसती कोमेजते आणि सगळ्यांची पोरंबाळं सांभाळते. अशी एक ॲन प्रत्येक मराठी घरात असते. मंगळागौरीला तिला आधी बोलावतात आणि फोटो काढताना तिला कॅमेरा धरायला सांगतात.

वेंटवर्थ परत येतो कसा, हे पाहण्यासारखं आहे. ॲनचे वडील सर वॉल्टर हे बॅरोनेट. आयुष्यात एकच पुस्तक वाचतात, बॅरोनेटांची यादी. कारण तिच्यात त्यांचं स्वतःचं नाव आहे. (आपल्याकडे काही लेखक दिवाळी अंक याच पद्धतीने वाचतात.) या गृहस्थांना कर्ज होतं, म्हणून वाडा भाड्याने द्यावा लागतो. भाडेकरू म्हणून येतात ॲडमिरल क्रॉफ्ट. ते आल्या आल्या मालकांच्या खोलीतले मोठाले आरसे काढून ठेवतात. आणि या ॲडमिरलची बायको निघते वेंटवर्थची बहीण! म्हणजे सगळी संधी उभी आहे ती एका भाडेचिठ्ठीवर. आपल्याकडे भाडेकरूमुळे दुरावलेली माणसं पुन्हा भेटल्याचं ऐकिवात नाही. कोर्टात मात्र पुष्कळांच्या पुन्हा पुन्हा भेटी होतात.

परत आलेला वेंटवर्थ आता कॅप्टन आहे. शत्रूची जहाजं पकडली की त्यांच्या किमतीतून कप्तानाला वाटा मिळे. त्या वाट्यांतून त्याने पंचवीस हजार पौंड जमवले आहेत. आता सगळ्यांना तो ‘स्थळ’ वाटतो. तो मात्र ॲनला पाहून म्हणतो, ती इतकी बदलली आहे की ओळखू आली नसती. आणि हे वाक्य ॲनची धाकटी बहीण तत्परतेने तिच्या कानावर घालते. असल्या बहिणी सर्व देशांत सारख्याच मिळतात.

मग बरंच काही होतं. लाइम गावच्या धक्क्यावर एक उत्साही मुलगी उडी मारते आणि आपटते. भोवतालची मंडळी गोंधळतात, डोकं ठिकाणावर राहतं ते ॲनचंच. आणखी एक कॅप्टन आहे. त्याची वाग्दत्त वधू वारलेली असते आणि तो दुःखात बायरन वाचत बसतो. ॲन त्याला कवितेचा खुराक कमी करून थोडं गद्य घ्यायला सुचवते. काही महिन्यांतच तो, त्या आपटलेल्या मुलीशीच, लग्न ठरवतो. गद्याचा असा गुण आमच्या एकाही समीक्षकाने अद्याप नोंदवलेला नाही.

पण मला खरं अडवलं ते शेवटाकडच्या एका लहानशा प्रश्नाने. सगळं जमल्यावर वेंटवर्थ ॲनला विचारतो, १८०८मध्ये मला जहाज मिळालं होतं, थोडे पैसेही साठले होते. तेव्हा मी पत्र टाकलं असतं, तर तू हो म्हणाली असतीस? ती म्हणते, अर्थातच! म्हणजे पहा. आठांपैकी सहा वर्षं ना नशिबाने खाल्ली, ना लेडी रसेलने. ती खाल्ली एका न लिहिलेल्या पत्राने. दारावर पहिल्यांदा कुलूप दुसऱ्यांनी घातलं होतं हे खरं. पण दोन वर्षांनी ते नुसतं लोटलेलं होतं, आणि दोघंही बाहेर कुलूप समजून उभी.

आता पत्र लिहिणं तेव्हा सोपं नव्हतं. लग्न ठरलेलं नसताना तरुणाने तरुणीला पत्र लिहिणं सभ्यपणाचं समजत नसत. त्यातून १८४०पर्यंत तिकडे टपालाचे पैसे बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्याने द्यायचे. म्हणजे प्रेम याने करायचं आणि भुर्दंड तिच्या बापाला! पण म्हणूनच त्या काळी पत्राला वजन होतं. पत्र टाकलं म्हणजे निम्मी मागणी घातलीच.

आणि गंमत अशी, की हे पत्र मुळात कादंबरीत नव्हतंच. जेनने १८१६च्या जुलैत कादंबरी संपवली तेव्हा शेवट वेगळा होता. त्यात ॲडमिरलसाहेब दोघांना एका खोलीत गाठ घालून देतात आणि भाडेकरारासंबंधी निरोप सांगायला वेंटवर्थला पुढे करतात. बोलता बोलता जमतं. थोडक्यात, आपलं ‘तुम्ही दोघं जरा बोलून घ्या’ म्हणून वडीलधाऱ्यांनी बाहेर जाणं. जेनला हे पटलं नाही. मोठ्यांनी मोडलं आणि मोठ्यांनीच जोडलं, तर मधली आठ वर्षं ही दोघं शिकली काय? तिने ती पानं बाजूला ठेवली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत शेवट नव्याने लिहून काढला. आता खोली माणसांनी भरलेली आहे. ॲन एकाशी वाद घालते आहे, की आशा संपल्यावरही प्रेम टिकवण्यात बायका पुढे. कोपऱ्यात वेंटवर्थ दुसऱ्याच कुणाचं पत्र लिहिण्याचं निमित्त करून ते ऐकतो आहे, आणि ऐकता ऐकता तिलाच पत्र लिहितो. बाजूला ठेवलेली ती जुनी पानं आजही ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

दुसरी संधी म्हणजे जुनं लोणचं बरणीतून काढून वाढणं नव्हे, हे पुढच्या लेखिकांनाही कळलं होतं. जॉर्जेट हेयर ही या रीजन्सी रोमान्सची खरी कारखानदार. तिची ‘बाथ टँगल’ १९५५ची. तिच्यातल्या सेरेनाला दुसऱ्या संधी एकदम दोन मिळतात. एक कोवळ्या वयातला हळवा प्रियकर, बापाने नाकारलेला. दुसरा मार्क्विस, लग्न तोंडावर आलेलं असताना तिनेच नाकारलेला. हळवा परत येतो, साखरपुडा होतो, आणि हळूहळू दोघांच्याही लक्षात येतं, की सहा वर्षं आपण ज्याच्यावर प्रेम केलं ते माणूस आपणच मनात बनवलेलं होतं. सेरेना अखेर जाते त्या भांडकुदळ मार्क्विसकडे. तो तिला जशी आहे तशी ओळखत होता. दुसरी घंटा कधी कधी एवढंच सांगते, की पहिल्या वेळी चुकीच्या नाटकाचं तिकीट काढलं होतं.

हे सगळं मी वाचलं ते १९८४ साली, दिवसाला चार आणे देऊन, सर्क्युलेटिंग लायब्ररीतून. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत तेव्हा आत्या राहायची. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून नुकतीच निवृत्त झाली होती. १९४८मध्ये तिचं एका मुलाशी ठरत आलं होतं. मुलगा रेल्वेत टेम्पररी कारकून. आजोबा म्हणाले होते, “टेम्पररी माणसाला परमनंट मुलगी कशी द्यायची?” या वाक्यावर घर पुढे कित्येक वर्षं हसलं. आत्याही हसायची. लग्न मात्र तिने केलं नाही.

‘पर्स्युएशन’ तिने दोन दिवसांत परत केलं.

“कसं वाटलं?” मी विचारलं.

“बाई शहाणी आहे.”

“कोण, ॲन?”

“छे रे! लिहिणारी.” मग चष्मा पुसत म्हणाली, “त्याने सहा वर्षं आधी लिहायला हवं होतं. पण हिला तरी कुणी अडवलं होतं?”

“अगं, त्या काळी बायकांनी असं पत्र लिहिणं म्हणजे...”

“त्या काळी, हं. आणि आता कुठला काळ चाललाय?”

“चौऱ्याऐंशी साल.”

“मग उद्या येताना एक इनलँड घेऊन ये.”

आमच्या घरी पत्र हे सार्वजनिक वाचनालय होतं. ज्याच्या नावाचं असेल त्याच्या हाती ते चौथ्या-पाचव्या खेपेला पडायचं. पण बारा दिवसांनी भुसावळहून आलेलं पाकीट आत्याने पोस्टमनच्या हातातूनच घेतलं. आमचे वडील दिवसभर अस्वस्थ. बहिणीचं पत्र आणि आपण वाचलेलं नाही, हा अनुभवच त्यांना नवा होता.

मग एका रविवारी ते गृहस्थ आले. विधुर, कानाला यंत्र, वय वर्षं त्रेसष्ट. छत्तीस वर्षांनी भेटत होते. छत्तीसचे आकडे उलटे मांडले की त्रेसष्ट होतात आणि पाठ फिरवलेले तीन आणि सहा समोरासमोर येतात, हे मला तेव्हा सुचलं. पण बोलायची हिंमत झाली नाही. पोहे झाले. पावणेदोन तास ते रेल्वेच्या प्रॉव्हिडंट फंडाबद्दल बोलले. ते सदतीस वर्षं नोकरी करून ऑफिस सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झाले होते.

ते गेल्यावर वडिलांनी घसा साफ केला. “मग?”

“बोलतो फार,” आत्या म्हणाली. बशा उचलल्या, मोरीपर्यंत गेली आणि पाठमोरीच म्हणाली, “पण टेम्पररी नव्हता हो दादा.”

त्या दिवसापासून आमच्या घरात ते आजोबांचं वाक्य कुणी विनोद म्हणून सांगितलं नाही. भुसावळचं पाकीट मात्र महिन्याला एक येत राहिलं, गृहस्थ असेपर्यंत, सात वर्षं. आत्या ती बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. त्या डब्याला कुणी हात लावला नाही, आमच्या वडिलांनीसुद्धा. आमच्या घराण्याच्या इतिहासात याला क्रांती म्हणावं लागेल.

जेनचंही लग्न झालं नाही. डिसेंबर १८०२मध्ये एका सुखवस्तू घरच्या तरुणाला तिने संध्याकाळी हो म्हटलं आणि रात्रभर विचार करून सकाळी नाही म्हटलं. (त्याच महिनाअखेर बाजीरावाने वसईला तहावर सही केली. त्यानेही सकाळपर्यंत थांबायला हरकत नव्हती!) ‘पर्स्युएशन’ छापून आलेलं तिने पाहिलं नाही, १८१७च्या जुलैत, एक्केचाळिसाव्या वर्षी ती गेली. स्वतःसाठी तिने दुसरी घंटा वाजवून घेतली नाही. पण ॲनसाठी मात्र शेवट एकदा खोडून पुन्हा लिहिला.

तेव्हा तिसरी घंटा होऊन गेली असली तरी लगेच घरी जाऊ नये. पडदा वर गेलेला असतो, आत अंधार असतो, लोक पाय आखडत पुटपुटतात. पण दाराशी एक बॅटरीवाला असतो, आणि तो तुम्हाला तुमच्याच खुर्चीपर्यंत नेऊन सोडतो. तिकीट तेवढं टाकून दिलेलं नसावं.