शिंग्रोबाचं देणं

पुणे

चि. अनन्या,


आजोबा घाटात गाडी थांबवून नाणं का टाकायचे, असं तू परवा विचारलंस. फोनवर घाईत सांगण्यासारखं नाही ते, म्हणून लिहिते.

आम्ही लहान असताना मे महिन्यात दादरहून पुण्याला फियाटने यायचो. तेव्हा एक्स्प्रेसवे नव्हता. खोपोलीला टाटांच्या वीजघराकडे डोंगरावरून उतरणाऱ्या जाड नळ्या दिसल्या, की आई आवळासुपारी वाटायची. तुझ्या बाबाला बोरघाटात हमखास गाडी लागायची! पुढे ट्रकांची रांग, पहिल्या गिअरचा चढ. रेडिएटर उकळला की बॉनेट उघडून सगळे कडेला उभे.

त्याच चढावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. ट्रकवाले खिडकीतूनच नाणं टाकायचे. आजोबा मात्र चपला काढून आत जायचे.

गोष्ट अशी सांगतात: इंग्रजांना घाटातून वाट सापडेना. शिंग्रोबा धनगराला मेंढरांमागे फिरून सारा डोंगर पाठ होता. त्याने वाट दाखवली. साहेब म्हणाला, काय बक्षीस हवं ते माग. त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं, आणि साहेबाने त्याला गोळी घातली. कोणी ही कथा 1830 साली गव्हर्नर माल्कमने खुल्या केलेल्या रस्त्याची सांगतं, कोणी 1863 मध्ये घाट चढलेल्या रेल्वेची. ती लोककथाच आहे. पण साहेबाच्या आधीही या डोंगरात वाटा होत्या, हे खरं. जवळच्याच उंबरखिंडीत 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाला कोंडलं, तेही या वाटा ठाऊक होत्या म्हणूनच.

आजोबा म्हणायचे, "बांधणाऱ्याला पगार मिळाला, दाखवणाऱ्याचं देणं राहिलं." देवभोळे नव्हते ते, घरी पूजाही आईच करायची. पण हे देणं त्यांनी कधी चुकवलं नाही.

घाटातला 1830 चा अमृतांजन पूल 2020 मध्ये पाडला. देऊळ आहे, पण एक्स्प्रेसवेने आलं तर ते लागत नाही. म्हणून डिसेंबरात येशील तेव्हा मुंबईच्या विमानतळावरून निघतानाच ड्रायव्हरला जुन्या रस्त्याने घ्यायला सांग, आणि सुट्टे पैसे जवळ ठेव.

तुझी,
आत्या