भूत येण्याआधीचं घर

भयकथेत मला भुतापेक्षा घर जास्त आवडतं. ओसरी, माजघरातला अंधार, परसातली विहीर, जिन्याखालची अडगळ आणि तिकडे फिरकायचं नाही ही पिढ्यानपिढ्या चालत आलेली ताकीद. एवढं नीट मांडलं असेल तर भूत उशिरा आलं तरी चालतं. आलंच नाही तर उत्तम. ते आलं, त्याची नखं आणि केस दिसले, की माझी भीती ओसरते आणि मी रंगभूषेतल्या चुका शोधायला लागते.

नारायण धारप मी याच लोभाने वाचत आले. वाचनालयातल्या, कोपरे मऊ पडलेल्या त्या प्रती. धारपांच्या गद्यात चमकदार असं काही नसतं. माणूस एस.टी.तून उतरतो, किल्ल्या मिळतात, कुलूप उघडतं, एकेक खोली पाहून होते. जमाखर्चाच्या वहीसारखी सरळ वाक्यं. वाचणाऱ्याचा विश्वास बसत जातो, आणि मग कुठेतरी हिशेब जुळेनासा होतो. आवाज न चढवता घाबरवण्याची ही हातोटी मराठीत फार थोड्यांना साधली.

त्यांच्या कथांत संकट निवारायला येणाऱ्या समर्थांबद्दल मात्र माझं मत तितकंसं बरं नाही. सोबती अप्पांना घेऊन समर्थ दारात उभे राहिले, की आता सगळं मार्गी लागणार हे कळतं आणि पानं भराभर उलटली जातात. माझ्या मावसभावाला हे अजिबात पटत नाही. लहानपणी पुस्तक मिटून झोपता यायचं ते समर्थांमुळेच, असं तो म्हणतो. त्याच्या बाजूने एवढं बोलायलाच हवं, की आमच्या आजोळी संडास परसात होता.

धारपांची ‘लुचाई’ वाचून पुष्कळ वर्षं लोटल्यावर स्टीफन किंगची ‘सालेम्स लॉट’ हाती आली आणि ओळखीचं माणूस परक्या गावात भेटावं तसं झालं. धारपांच्या या उसनवारीवर नाक मुरडणारे खूप आहेत. मला मात्र त्यातलं सुतारकाम बघायला आवडतं. अमेरिकेतल्या मेन राज्यातलं गाव उचलून आपल्याकडे आणायचं, तर नुसती नावं बदलून भागत नाही. क्रूस काढला तर त्या जागी काय ठेवायचं? चर्च काढलं तर माणसं रात्री धावत कुणाच्या दारात जातील? भीती उसनी आणता येते, आधार मात्र इथलाच शोधावा लागतो.

रत्नाकर मतकरींकडे असा आधार द्यायला कुणी येत नाही, म्हणून ते मला जास्त झोंबतात. कित्येक वर्षं बँकेत नोकरी केलेला हा लेखक. त्यांच्या गूढकथांतली माणसं लोकलने कामावर जाणारी, लग्न जमवणारी, शेजाऱ्यावर मनातून जळणारी. ‘गहिरे पाणी’ या मालिकेत त्यांच्या कथा पडद्यावर आल्या. ती निळसर प्रकाशयोजना आणि तो ढणढणाट आज बघवत नाही. पण माणसं बोलायला लागली की कथा उभी राहायची, कारण वाईट असायचं ते त्यांच्या बोलण्यातच.

मतकरींवरून आठवलं. दिलीप प्रभावळकरांचा या प्रांताशी काय ऋणानुबंध आहे कोण जाणे. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मध्ये ते चेटकीण, १९९३च्या ‘झपाटलेला’मध्ये तात्या विंचू, २००४च्या ‘पछाडलेला’मध्ये इनामदाराचं भूत. २००६मध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’त गांधीजी झाले, तेही एकट्या मुन्नालाच दिसणारे!

‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६मध्ये सुरू झाली तेव्हा आमच्याकडे जेवणं लवकर उरकायची. पहिल्या पर्वाला माझे गुण बेताचेच. रोज कुणीतरी दचकायचं आणि जाहिरात लागायची. २०१९चं दुसरं पर्व अण्णा नाईकांच्या हयातीतलं. तिथं भुताचं काम अण्णांनी जिवंतपणीच उरकलं होतं. ओटीवर बसलेला, नजर फिरवणारा, बायकोला शब्दाने सोलणारा तो घरधनी, आणि स्वयंपाकघरात आवाज न करता भांडी ठेवणाऱ्या माई. असं घर ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळ्या भुताची गरज पडली नसावी.

विशाल फुरियांच्या ‘लपाछपी’ (२०१७) या चित्रपटात तर वाडाही लागला नाही. उसाचा फड आणि त्याच्या पोटात एक घर. ऊस डोक्याच्या वर गेला की हाताच्या अंतरावरचंही दिसत नाही. त्यात एक गरोदर बाई भर दुपारी वाट शोधते. ‘छोरी’ म्हणून त्याच दिग्दर्शकाने तो पुन्हा हिंदीत केला, पैसाही जास्त ओतला. माझी पसंती पहिल्यालाच. उषा नाईकांची तुळसाबाई ज्या मायेने ताट वाढते, ती माया बघूनच पोटात खड्डा पडतो.

आणि ‘तुंबाड’. हा २०१८चा, पाऊस थांबतच नाही त्यात. दिग्दर्शक राही अनिल बर्वे म्हणजे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचे चिरंजीव. चित्रपटाचं बीज धारपांच्या कथेत आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मधून आलेलं. सोन्याच्या मोहरा, गर्भगृह, हस्तर या सगळ्याचं कौतुक झालंच. मला त्यातला सुरुवातीचा, १९१८चा भाग पुरतो. आई घरात नाही, साखळीने बांधलेली म्हातारी आत झोपलेली, आणि तिला भरवायचं काम पोराच्या वाट्याला आलेलं. ताट घेऊन जाणारं ते पोर. रोजच्या घरकामातलं इतकं साधं काम, आणि अंगावर काटा. पुढे तेच पोर, मोठा झालेला विनायक, गर्भगृहातल्या हस्तर या दैत्यासाठी कणकेची बाहुली घेऊन खाली उतरतो, तेव्हाही माझा जीव त्या कणकेत अडकतो. लालभडक हस्तर दिसल्यावर मी जरा सैल होऊन बसते.

एकच खंत. वाडा मराठी, लुगडी मराठी, हाव आणि जिभेची धारही मराठी, आणि सगळे बोलतात हिंदी. त्या म्हातारीच्या तोंडी कोकणातली बोली असती, तर मी चित्रपटगृहातून उठून गेले असते बहुधा. आणि तेच हवं होतं.

सप्टेंबर २०२४मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. मावसभावाला घेऊन गेले होते. बाहेर पडताना आमचं धारपांच्या ‘४४० चंदनवाडी’वर सिनेमा निघाला तर कसा असावा, यावर भांडण जुंपलं. मी म्हटलं, सगळे पैसे घरावर घालावेत, भूत दाखवूच नये. तो म्हणाला, “ताई, तिकीट काढलंय म्हटल्यावर दिसायला तर हवंच ना!” पार्किंगची पावती सापडेपर्यंत ते चाललं होतं.