पाणी कोण घालतं?

आमच्या फॅमिली व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझं नाव 'हेरिटेजवाली' आहे. चुलतभावाने ठेवलंय. अर्थातच कुचकटपणे.

कारण साधं आहे. शनिवार पेठेतला आमचा वाडा बिल्डरला द्यायचा का, या प्रश्नावर अख्ख्या खानदानात 'नाही' म्हणणारी मी एकटीच होते. बाबा गेल्यावर त्यांचा हिस्सा आईच्या आणि माझ्या नावावर आला. काकांनी संमतीपत्रावर सही केली. दोन्ही आत्यांनी केली. आईनेही केली. राहिले मी. 'आपला वारसा आपणच विकायचा?' असे बाणेदार मेसेज टाकायचे. कुठून? तर बाणेरच्या बाराव्या मजल्यावरून! कव्हर्ड पार्किंग, चोवीस तास पाणी आणि पॉवर बॅकअप असलेल्या टू बीएचकेमधून.

तर अशी ही मी, प्रोजेक्टसाठी तीन महिने माद्रिदला होते. मे महिना होता. वीकेंडला बार्सिलोनाला जावं म्हणत होते, तर ऑफिसमधली शेजारच्या डेस्कवरची मुलगी म्हणाली, "बार्सिलोना काय, कधीही होईल. मे महिना आहे, कोर्दोबाला जा. तिथे लोक सध्या आपापल्या घरांची दारं उघडी टाकून बसलेत."

घरांची दारं? आपलं कुतूहल जागं व्हायला एवढं पुरे असतं.

शनिवारी सकाळी आतोचा स्टेशनवरून फास्ट ट्रेन पकडली. पावणेदोन तासांत कोर्दोबा. (तेवढ्या वेळात ऑफिस सुटताना हिंजवडीहून कात्रजला पोचलात, तरी पेढे वाटा.)

खांब बुटके पडले, मग?

कोर्दोबात आधी सगळे जातात ते मेस्कीतामध्ये. म्हणजे मशीद. म्हणजे कॅथीड्रल. म्हणजे दोन्ही! आत पाऊल टाकलं आणि मी चक्क गप्प झाले. अंधुक उजेड आणि नजर जाईल तिथे खांबच खांब. साडेआठशेहून जास्त. प्रत्येक खांबावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी, आणि त्या कमानींवर आणखी एक कमान. नारळाच्या बागेत उभं राहून वर बघावं, तसं वाटतं.

या खांबांची गोष्ट मला फार आवडली. आठव्या शतकात दमास्कसच्या उमय्यद घराण्याची सत्ता गेली, घरातल्यांची कत्तल झाली. त्यातून निसटलेला एक तरुण राजपुत्र पळत पळत स्पेनपर्यंत आला आणि इथला राजा झाला. हा पहिला अब्द अल्-रहमान. इ. स. ७८५च्या सुमारास त्याने ही मशीद बांधायला घेतली. खांब आणले ते जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींमधले. आता दुसऱ्याच्या घरचे खांब आपल्या मापाचे कुठून असणार? ते बुटके पडले. मग कमानीवर कमान चढवून छत उंच केलं. जगभरातून लोक जी बघायला येतात ती डबल कमान मुळात एक जुगाड आहे!

पुढच्या दोनशे वर्षांत मशीद तीनदा वाढवली गेली. दहाव्या शतकात तर मिहराबच्या सोनेरी मोझेइकसाठी थेट बायझंटाइन सम्राटाकडून कारागीर मागवला. १२३६मध्ये तिसऱ्या फर्नांडोने शहर जिंकलं आणि मशिदीचं चर्च झालं, पण इमारत बरीचशी तशीच राहिली. मग १५२३मध्ये मधोमध भलंमोठं कॅथीड्रल बांधायला घेतलं. गंमत म्हणजे, विरोध केला तो कोर्दोबाच्या ख्रिस्ती नगरपालिकेनेच. जो गवंडी हात लावेल त्याला मृत्युदंड, इथवर धमकी गेली. शेवटी पाचव्या चार्ल्स राजाने परवानगी दिली. पुढे स्वतः येऊन बघितल्यावर तो हळहळला, असं सांगतात.

खांबांच्या त्या अंधुक रानातून चालता चालता अचानक समोर पांढरंशुभ्र, उंच, नक्षीदार कॅथीड्रल उभं राहतं. मला रागच आला. वाड्याच्या चौकात टॉवर उभा करावा तसं!

लगेच कमानींचा फोटो ग्रुपवर टाकला. 'बाराशे वर्षं जपलंय या लोकांनी. शिका काहीतरी!'

काकांचा रिप्लाय आला, 'छान. तिथे उकडतंय का?'

चुलतभावाचा आला, 'तिथे कॉमन संडास आहे का विचार.'

मी फोन पर्समध्ये टाकला. पण आमच्या ग्रुपच्या गाइडने राग उतरवला. तो म्हणाला, "तुम्ही सगळे या कॅथीड्रलवर चिडता. पण लोक इथे रोज येत राहिले म्हणून छप्पर गळलं की कोणीतरी दुरुस्त करत राहिलं. जिथे कोणी येईनासं झालं, त्याचं काय झालं ते मदिना अझहराला जाऊन बघा."

मदिना अझहरा म्हणजे शहराबाहेर काही किलोमीटरवर खलिफाने ९३६च्या सुमारास वसवायला घेतलेलं आलिशान राजनगर. पाऊणशे वर्षंसुद्धा टिकलं नाही. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला यादवीत लुटलं गेलं, मग लोकांनी दगड उचलून नेले, उरलेलं मातीखाली गेलं. १९११मध्ये उत्खनन सुरू होईपर्यंत तिथे काय होतं हेही लोक विसरले होते. २०१८मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं, पण अवशेष म्हणून.

ज्यू वस्तीतल्या सिनेगॉगचीही तीच कथा. १३१५मधली एवढीशी खोली. १४९२मध्ये ज्यूंना देशाबाहेर काढलं. मग तिथे पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या रुग्णांचं इस्पितळ आलं, पुढे चांभारांच्या संघाचं प्रार्थनास्थळ. भिंतींवर गिलावा चढला. एकोणिसाव्या शतकात तो निघाला तेव्हा आतली हिब्रू अक्षरं पुन्हा दिसली. ज्यांची ती खोली होती त्यांना हाकलून दिलं होतं. ती टिकली, कारण दुसऱ्या कोणीतरी ती वापरली. यात आनंद मानायचा की दुःख, मला कळेना.

मग भूक लागली. बाकी सगळे तात्त्विक प्रश्न बाजूला! कोर्दोबात साल्मोरेहो मागवा. टोमॅटो आणि पावाचं थंडगार, दाट सूप. शाकाहारी असाल तर 'सिन हामोन' म्हणायला विसरू नका, नाहीतर वर डुकराचं मांस भुरभुरलेलं येतं. आणि वांग्याचे तळलेले काप. त्यावर काय ओततात माहितीये? उसाची काकवी! ऊस स्पेनमध्ये आणला अरबांनी. वांग्याच्या कापांवर काकवी हे आमच्या आजीला सांगितलं असतं तर तिने कपाळावर हात मारला असता. पण लागते झकास.

काठी आणि डबा

दुपारनंतर सान बासिलिओ भागात गेले. कोर्दोबात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. त्यामुळे रोमन काळापासून इथली घरं आतल्या चौकाभोवती बांधलेली. मध्ये विहीर किंवा कारंजं, चुना लावलेल्या भिंती आणि भिंतभर कुंड्या. पाणी आणि झाडं मिळून एसीचं काम करतात. १९२१पासून इथे सगळ्यात सुंदर चौकाची स्पर्धा असते. मे महिन्यात साधारण दोन आठवडे लोक दारं उघडतात आणि तुम्ही रांग लावून कोणाच्याही घरात शिरता. २०१२मध्ये युनेस्कोने या उत्सवाचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. नीट लक्षात घ्या, नुसत्या विटा-चुन्याचा नाही. तो जपण्याच्या रीतीचा.

एका दारातून आत शिरले आणि थबकले. लाल, गुलाबी जिरॅनियमच्या कुंड्या पार दुसऱ्या मजल्यापर्यंत. पण मी थबकले ते फुलांमुळे नाही. कोपऱ्यात कपडे धुवायच्या दगडी कुंड्या होत्या. मध्ये विहीर. वर लाकडी कठडा, आणि कठड्यामागे एकेका खोलीची दारं. पूर्वी इथे एकेका खोलीत एकेक कुटुंब राहायचं. विहीर कॉमन, धुणं कॉमन, स्वयंपाकघर कॉमन आणि भांडणंही कॉमन.

अरे, हा तर आमचा वाडा!

दाराशी खुर्ची टाकून एक आजी बसल्या होत्या. शेजारी इंग्रजी बोलणारा नातू. मी माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये "सुंदर, फार सुंदर" एवढं म्हटलं. आजी उठल्या आणि त्यांनी कोपऱ्यातली एक लांबच लांब काठी माझ्या हातात दिली. टोकाला पत्र्याचा डबा बांधलेला. उंचावरच्या कुंड्यांना असं पाणी घालतात. डबा भरायचा, काठी तोलत वर न्यायची आणि नेमकी कुंडीवर कलती करायची.

मी प्रयत्न केला. अर्धं पाणी भिंतीवर, उरलेलं माझ्या डोक्यावर. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या!

"रोज किती वेळ लागतो?" मी विचारलं.

नातू म्हणाला, "दोन-तीन तास. उन्हाळ्यात दोनदा."

"उत्सव संपल्यावर?"

त्याने भाषांतर केलं आणि आजी हसल्याच. झाडांना कुठे माहिती असतं उत्सव संपला ते!

मग मी फोनमधला आमच्या वाड्याचा फोटो दाखवला. चौक, तुळशीवृंदावन, हौदाशेजारचा पारिजातक. आजींनी फोटो मोठा करून बघितला. मान डोलावली. काहीतरी विचारलं. नातवाने सांगितलं, "ती विचारते, इथे पाणी कोण घालतं?"

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला माहीत नाही.

खरं सांगू? तो फोटोही तीन वर्षांपूर्वीचा होता. गणपतीत गेले होते तेव्हाचा. शनिवार पेठ माझ्या फ्लॅटपासून बारा किलोमीटरवर आहे. मी कोर्दोबाला यायला आठ हजार किलोमीटर ओलांडले होते.

गुडघ्यांना विचार

संध्याकाळी स्टेशनच्या वाटेवर पुएर्ता देल रिंकोन नावाच्या चौकात एक ब्राँझचा पुतळा दिसला. राजाचा नाही, सरदाराचा नाही. काठीला डबा बांधून भिंतीवरच्या कुंड्यांना पाणी घालणाऱ्या एका बाईचा. मी तिथेच कट्ट्यावर बसले आणि काकांना फोन लावला. तिथे सहा वाजले होते, म्हणजे पुण्यात साडेनऊ.

"काका, जेवलात?"

"मगाशीच. का गं? बरी आहेस ना?"

"चौकातल्या तुळशीला पाणी कोण घालतं?"

"मी. का?"

"आणि पारिजातकाला?"

"अगं मीच. आता आहे कोण दुसरं? तीन भाडेकरू उरलेत, तेही कुलूप लावून मुलांकडे. काकूला जिना उतरवत नाही. मी सकाळी एक बादली घेऊन उतरतो."

"रोज?"

"मग काय एक दिवसाआड? उन्हाळा आहे."

काका त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. आमचा जिना अरुंद, अंधारा आणि बारा पायऱ्यांचा. ज्या माणसाला मी ग्रुपवर 'वारसा विकायला निघालेले' म्हणत होते, तो माणूस रोज बादली घेऊन तो जिना उतरत होता. आणि त्याबद्दल ग्रुपवर एक शब्द नाही!

"काका, तुम्हाला मनापासून वाडा द्यायचाय?"

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "मनाला विचारशील तर नाही. गुडघ्यांना विचारशील तर मागेच द्यायला हवा होता."

मला पुढे बोलता येईना. ते म्हणाले, "उकडतंय का गं तिथे? टोपी घाल."

जूनमध्ये परत आले आणि सही केली. माझं म्हणणं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. एकेक वाडा जातो तेव्हा शहराचं काहीतरी जातंच, आणि ते फ्लॅटच्या स्क्वेअर फुटांत परत मिळत नाही. कोर्दोबाने मात्र माझ्या बोलण्यातली खोट मला दाखवली. जपा म्हणायचा हक्क आधी पाणी घालणाऱ्याचा. मी नुसते फोटो फॉरवर्ड करत होते.

सहीच्या दिवशी सकाळी साडेसहालाच वाड्यावर गेले. काकांच्या हातातली बादली घेतली. "अगं, कपडे भिजतील, ऑफिसला जायचंय ना?" ते वरून ओरडत राहिले. त्यानंतर काम सुरू होईपर्यंत दर शनिवारी जात होते. इतर सहा दिवस काकाच.

आता वाडा नाही. काका-काकू लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहतात आणि खुशीत आहेत. माझ्या बाल्कनीत तुळस आहे. वाड्यातल्या तुळशीच्या मंजिऱ्या काकांनी कागदाच्या पुडीत बांधून दिल्या होत्या. पहिली दोन रोपं मी मारली. एक ऑफिसच्या डेडलाइनमध्ये, दुसरं गोव्याच्या लाँग वीकेंडला.

तिसरं अजून जगलंय. काका दर रविवारी फोन करून चौकशी करतात. माझी नाही, तुळशीची.