सोसवेल तेवढा थरार

ख्रिस सॉयर यांनी जवळजवळ एकहाती, तेही बहुतांशी असेंब्ली भाषेत लिहिलेला ‘रोलरकोस्टर टायकून’ हा गेम 1999 साली आला. करमणुकीचं उद्यान उभारायचं आणि ते फायद्यात चालवायचं, एवढाच त्यातला खेळ. पण त्याच्या आकडेमोडीत माणसाच्या सुखाविषयी एक ठाम मत आहे आणि ते मला पूर्ण पटतं: थरार वाढवत नेला म्हणून मजा वाढत जात नाही. इथे प्रत्येक राइडला मजा, थरार आणि मळमळ असे तीन वेगळे गुण मिळतात. नवखा खेळाडू उंच चढ, त्यामागे सरळसोट उतार आणि उतार संपताच सपाट वळण असा ट्रॅक टाकतो. त्या वळणावर गाडी सुसाट येते, बसलेली माणसं बाजूला फेकली जातात. हा आडवा जोर 2.8 जीच्या पुढे गेला की थराराचा आकडा एकदम उसळतो, आणि तो 10 च्या वर गेला की मजेचा चौथा हिस्सा कापला जातो. पुढच्या पायऱ्यांवर पुन्हा तशीच कात्री. मग एवढा खर्च करून बांधलेला कोस्टर रिकामा फिरतो, कारण गिऱ्हाईक ‘हे आपल्याला झेपणार नाही’ म्हणत दारातूनच परततं. तेच वळण आतल्या बाजूला कलतं घेतलं, त्याआधी एक टेकडी घालून वेग मोडला, रूळ पाण्यावरून किंवा दुसऱ्या रुळाखालून नेला, तर तेच गिऱ्हाईक जास्त पैसे मोजून रांगेत उभं राहतं. खऱ्या कोस्टरांचा इतिहासही हेच सांगतो. कोनी आयलंडवरच्या 1895 च्या ‘फ्लिप फ्लॅप’चा लूप पूर्ण गोल होता आणि त्यात माना आखडत. 1976 मध्ये कॅलिफोर्नियात ‘रेव्होल्यूशन’ सुरू झाला तो थेंबाच्या आकाराचा लूप घेऊन.

मुरलेले खेळाडू म्हणतील, रचना कशाला हवी? एका लूपचा आखूड, स्वस्त शटल कोस्टर बांधा, तो पैसा ओततो. खरं आहे. पण तो कमावतो तो भीतीच्या जोरावर नव्हे. फेरी छोटी, म्हणून रांग भराभर सरकते. लांब ट्रॅकवर एकच गाडी सोडली तर लोक रांगेतच कंटाळतात, तिथे ब्लॉक ब्रेक लावून गाड्या वाढवाव्या लागतात. शिवाय एकाच जातीच्या राइड दोन झाल्या की त्यांचं मोल चतुर्थांशाने उतरतं, म्हणजे तीच युक्ती गिरवत बसण्यालाही गेमनेच आळा घातला आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: देखण्या आणि ओबडधोबड ट्रॅकचे गुण सारखे आले तर गेमला फरक कळत नाही. नाहीच कळत. मात्र ही उणीव गुण मोजण्याच्या सूत्राची आहे. थरार कुठे थांबावा याचा त्याने काढलेला अंदाज त्यामुळे चुकीचा ठरत नाही. त्या मर्यादेत राहून मोठ्या उतारानंतर माणसाला कुठे श्वास घेऊ द्यायचा आणि लूप कुणाच्या डोक्यावरून न्यायचा, हे मात्र बांधणाऱ्यालाच ठरवावं लागतं.