बर्गींच्या गावचे पाहुणे

दोन दिवसांत कोणतेही शहर पाहून होते, असे मानणाऱ्यांपैकी मी आहे. आठ दिवस राहिले की माणूस तेथील नळाच्या वेळा नि भाजीचे भाव यांत गुंततो आणि पाहावयाचे राहून जाते. म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही उभयता एक शनिवार-रविवार गाठून नागपूरहून कलकत्त्याला जाऊन आलो. (२००१ पासून त्याचे नाव कोलकाता झाले आहे, हे मला ठाऊक आहे, माझ्या जिभेला अजून कळलेले नाही.)

शनिवारी प्रवाशाने जे जे करावे ते सारे केले. इंडियन म्युझियममध्ये भारहूतचे कोरीव कठडे पाहिले. ममीभोवती शाळकरी मुलांचा इतका गराडा होता, की तीही पाहिली असेच धरावे. व्हिक्टोरिया मेमोरियल बाहेरूनच पाहिले. हावड्याचा पूल मात्र पायी ओलांडला. १९४३ सालचा हा अजस्र पूल नदीच्या पात्रात एकही खांब न रोवता कसा उभा आहे, हे मी सांगू लागलो, तोवर सौभाग्यवती खालच्या मल्लिक घाटावर पोचलीही होती. तेथे फुलांचा बाजार भरतो. डोक्यांवरून झेंडूच्या माळांचे भारे चाललेले, पायांखाली पाकळ्यांचा चिखल! आपल्याकडे दसऱ्याला दिसतो तेवढा झेंडू तेथे रोजचा.

संध्याकाळी एका प्राध्यापक स्नेह्यांनी आम्हांला कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाऊसमध्ये आपल्या अड्ड्यात नेले. आपल्याकडे अड्डा म्हटला की पोलीस आठवतात. बंगाल्यांचा अड्डा म्हणजे निव्वळ गप्पा, आणि त्याही कशासाठी म्हणून नव्हेत. एका वृद्ध गृहस्थांनी माझे गाव विचारले. 'नागपूर' म्हणताच ते हसून म्हणाले, "म्हणजे बर्गींच्या गावचे तुम्ही!"

बर्गी म्हणजे आपले बारगीर. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या घोडदळाने १७४२ पासून बंगालवर स्वाऱ्या केल्या. १७५१ च्या तहात ओडिशा आणि सालीना बारा लाखांची चौथाई मिळविली. आपल्याकडे हे पाच गुणांच्या प्रश्नात येते. बंगालमध्ये ते अंगाईगीतात आहे. त्याच शतकातल्या गंगाराम नावाच्या कवीचे 'महाराष्ट्र पुराण' आहे. नावावरून आपल्याला वाटावे, आपलीच स्तुती असेल! त्यात गावेच्या गावे पळतात. सोनार तराजू घेऊन पळतो, पंडित पोथ्यांचे गाठोडे घेऊन. वीस वर्षे मी वर्गात पोवाडे शिकवीत आलो आहे. पण हा पोथ्यावाला माझ्याच धंद्यातला निघाला. त्या रात्री तो काही डोळ्यांपुढून हलेना.

रविवारी सकाळी स्नेही आम्हांला बागबाजारला घेऊन गेले. गॅलिफ स्ट्रीटवर रविवारी हौशी लोकांचा बाजार भरतो: रंगीत मासे, रोपे, कुत्र्याची पिल्ले. घ्यायचे कमी, बघायचे फार. तेथून जवळच 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली आहे. आमच्या भयाने १७४२ मध्ये कलकत्तेकरांनी शहराभोवती सात मैलांचा खंदक खणावयास घेतला. सहा महिन्यांत तीनेक मैल झाला. मराठे काही कलकत्त्यात आले नाहीत, खंदक अर्धाच राहिला. पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. मी चपलेने जमीन दाबून पाहिली. बस, रिक्षा, केळीवाला. खंदक कोठेच नव्हता.

दुपारी त्यांच्या घरी जेवलो. आतल्या खोलीत त्यांच्या वृद्ध मातोश्री पणतीला थोपटीत गात होत्या. चाल संथ, गोड. गाता गाता त्यांचे लक्ष दाराशी उभ्या असलेल्या आमच्याकडे गेले आणि एका शब्दापाशी आवाज अडला. तेवढा शब्द त्यांनी नुसता गुणगुणून गिळला नि पुढची ओळ धरली. स्नेही खाली पाहू लागले. सौभाग्यवती मात्र आत जाऊन त्यांच्याजवळ बसली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "माँ, पूरा गाइए." म्हातारी हसली. मग तिने ते पुन्हा पहिल्यापासून म्हटले, बर्गींसकट. पोर झोपले.

निघताना त्यांनी सौभाग्यवतीच्या हाती नव्या गुळाच्या संदेशांचा डबा दिला. "चौथाई," स्नेही म्हणाले. गाडीत बसल्यावर मी डबा उघडून मोजले. बारा होते. टाटानगर येईपर्यंत नऊ उरले.