साबणाला न जुमानणारं कवच

शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे भरायला लागलो, की मजुरांशी माझा एक वाद ठरलेला. "दादा, साबनानं घासला न चाकू! मंग हे क्लोरीनचं पानी आनखी कायले?"

प्रश्न रास्त आहे. साबणाच्या पाण्यानं मावा मरतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढतं, दुसरं तेलाकडे. हे तेलकट टोक पेशीच्या मेदाच्या पडद्यात घुसतं नि पडदा विरतो. करोनाच्या विषाणूचंही साबणानं हेच केलं.

पण लिंबू-संत्र्यावरच्या खैऱ्या रोगाचा जिवाणू, झँथोमोनास, असा विरत नाही. त्याच्या बाहेरच्या पडद्यावर साखरेच्या साखळ्या झुडपासारख्या दाट उगवलेल्या असतात. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे कण त्यांना बुडाशी बांधून ठेवतात, त्यामुळे साबणाच्या तेलकट टोकाला आत शिरायला वाट सापडत नाही. आपल्या आतड्यातले कित्येक जिवाणू पित्तात तगतात, त्यातही अशाच कवचाचा मोठा वाटा. पित्तक्षारांचं काम साबणासारखंच. मॅकॉन्की या जिवाणूशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच गुणावर जिवाणू निवडणारं खाद्य बनवलं. पॅथॉलॉजीवाले ते अजून वापरतात.

त्यावर पुन्हा बुळबुळीत डिंकाचा थर. खैऱ्याच्या एका भाऊबंदाकडून हाच डिंक कारखान्यात करवून घेतात: झँथन. अमेरिकेत १९६९ पासून तो खाण्यात चालतो. आइस्क्रीममध्ये असतो, टूथपेस्टमध्ये असतो, आणि गंमत म्हणजे शाम्पूतही!

मग साबण कशाला? काढायला, मारायला नव्हे. पात्याला झाडाचा रस, सालीचे कण, डिंक चिकटलेला असतो, आणि क्लोरीन आधी त्या घाणीवरच खर्ची पडतं. म्हणून आधी साबणानं घासायचं, मग हायपोक्लोराइटच्या एक-दोन टक्क्यांच्या द्रावणात बुडवायचं, शेवटी साधं पाणी. हे शेवटचं टाळलं तर पातं गंजतं, आणि गंजक्या पात्यानं डोळ्याची साल फाटते. द्रावण उन्हात ठेवू नये, त्याचा जोर उतरतो. फवाऱ्यात साबणासारखा स्टिकर घालतो तोही तांब्याचं औषध पानभर पसरावं म्हणून. खैऱ्या स्टिकरनं मरत नाही.

संत्र्यावर खैऱ्या कागदी लिंबाइतका माजत नाही, म्हणून पुष्कळ जण बुडवणं सोडून देतात. कागदीची रोपं बियांची, तिथं डोळ्याच्या चाकूचं काम नाही, हेही खरं. पण खालचे फुटवे छाटायला हाताशी असेल तो चाकू चालवतात, अन् तोच पुढं संत्र्याच्या वाफ्यात येतो. मी कागदीचा चाकू वेगळा ठेवलाय; मुठीला हिरवी चिकटपट्टी.