जोगेश्वरी ते मस्जिद, व्हाया एक बुडालेलं जहाज

जोगेश्वरी म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? गुंफा आणि ट्रॅफिक, बरोबर? पण ईस्टला हायवेच्या कडेला एक टेकडी आहे. तिथे १९३० सालचं इस्माईल युसूफ कॉलेज उभं आहे. मुस्लिम मुलांच्या उच्च शिक्षणासाठी सर मोहम्मद युसूफ यांनी १९१४ मध्ये सरकारला आठ लाख रुपये दिले, त्यातून ते झालं. तेव्हाचे आठ लाख, बॉस! कॉलेजला नाव त्यांच्या वडिलांचं.

युसूफ जहाजांच्या धंद्यातले, शिवाय मोठे जमीनदार. आज टॉवर मिरवणाऱ्या पवईच्या जमिनींच्या कागदांतही त्यांच्या नावाचा ट्रस्ट सापडतो. १९१० मध्ये त्यांनी न्हाव्याला खलाशांना शिकवणारी संस्था काढली, टी. एस. रहमान. ती अजून चालू आहे. मला कॉलेजपेक्षा हीच देणगी जास्त भावते. खलाशाच्या पोराचा विचार तेव्हा किती शेठ लोक करत होते?

त्या काळातल्या खलाशांचं पुढे काय झालं, ते बघायला जोगेश्वरीहून हार्बरची सीएसएमटी लोकल पकडा. २०१८ पासून गोरेगावहून सुटते, गाडी बदलायची कटकट नाही. वडाळा, शिवडी, कॉटन ग्रीन, डॉकयार्ड रोड असं करत मस्जिदला उतरा. स्टेशनच्या पूर्वेला लागूनच इंडियन सेलर्स होम आहे. इथे पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक आहे. कबर नाही, फक्त नाव.

हे युद्ध कुठेतरी लांब युरोपात झालं असं वाटतं ना? फेब्रुवारी १९१७ मध्ये ‘वोल्फ’ हे जर्मन जहाज साध्या मालवाहू बोटीचं सोंग घेऊन आलं आणि मुंबईच्या तोंडाशी सुरुंग पेरून निघून गेलं. २३ जूनला, ऐन पावसाळ्यात, पी अँड ओ कंपनीची ‘मंगोलिया’ ही बोट त्यांना धडकली. मुंबईच्या दक्षिणेला जेमतेम पन्नास मैलांवर. म्हणजे आपण वीकेण्डला जिथे मासे खायला जातो, त्याच किनाऱ्यासमोर! २३ जण गेले.

या कंपनीच्या बोटींवर किचनमध्ये बहुतेक गोवेकर, डेकवर रत्नागिरी-गुजरातकडचे लोक. पगार गोऱ्या खलाशाच्या मानाने अगदीच तुटपुंजा, सुरुंग मात्र दोघांना सारखाच.

शेठजींच्या नावाची पाटी हायवेवरच्या रिक्षावाल्यालाही पाठ असते. मस्जिदची नावं वाचायला मात्र मुद्दाम जावं लागतं. रविवारी निघणार असाल तर आधी हार्बरचा मेगाब्लॉक बघा.